रात्री काय दिसलं?

स्वप्नांविषयीचं माझं मत बरीच वर्षं ठाम होतं आणि एका वाक्यात मावायचं: पोट बिघडलं की स्वप्नं बिघडतात. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या बाजूला माझं मेडिकल आहे. "भाऊ, रात्री लई वंगाळ स्वप्नं पडतात" असं कोणी काउंटरवर म्हणालं, की मी पित्ताची गोळी पुढे सरकवायचो, रात्री तेलकट खाऊ नका म्हणायचो आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घ्यायचो. तक्रार कधी उर्दूत यायची, कधी निमाडीत, कधी आमच्या रावेरकडच्या मराठीत. उत्तर सगळ्यांना एकच.

या ठामपणाची मुळं घरात होती. आईचा दिवस सुरू व्हायचा तो आम्हा भावंडांच्या स्वप्नांच्या चौकशीने. "रात्री काय दिसलं रे तुले?" चहाच्या आधी हा प्रश्न, आणि आम्ही काही सांगितलं की तिच्याकडे निकाल तयार. दात पडला, तर घरातलं मोठं माणूस जाणार. लग्न दिसलं, तर कुठेतरी मयत. मयत दिसली, तर उलट त्या माणसाचं आयुष्य वाढलं. गेलेलं माणूस काही मागत आलं, तर त्याची इच्छा राहिली, त्याच्या नावाने पान वाढा. फारच वाईट काही दिसलं असेल तर ती राजघाटावर जाऊन तापीला सांगून यायची आणि घरी येऊन गजेंद्रमोक्ष म्हणायची. दुःस्वप्नं घालवायला तो म्हणावा, असं भागवतातच सांगितलंय. (राजघाटाशी नदीत दगडी हत्ती आहे. गोष्टीतला गजेंद्र तोच, अशी लहानपणी माझी खात्री होती.) गल्लीतल्या मोमीन घरांत याच कामासाठी ख्वाबनामा असायचा, सातव्या-आठव्या शतकात बसऱ्यात होऊन गेलेल्या इब्न सीरीन यांच्या नावावर खपणारा. तिथला रिवाज आईच्या उलट. वाईट स्वप्न पडलं तर डावीकडे तीनदा थुंकल्यासारखं करायचं, कूस बदलायची आणि ते कोणालाही सांगायचं नाही. फार्मसी शिकून आल्यावर मी दोन्हीकडच्या समजुतींना सारखाच हसायचो. त्या बाबतीत माझा सर्वधर्मसमभाव पक्का होता.

आता ते मत राहिलेलं नाही. म्हणून मी आईच्या पक्षात गेलोय असंही नाही. दात पडण्याचा आणि मरणाचा काही संबंध नाही हे मी आजही तितक्याच जोरात सांगतो. पण तिची उत्तरं फेकून देताना आम्ही शिकलेल्यांनी तिचा प्रश्नही फेकून दिला, आणि तो प्रश्न लाखमोलाचा होता, असं मला आता वाटतं. आज दवाखान्यात गेलं तर झोप लागते का, भूक लागते का, शौचाला साफ होते का, इथवर चौकशी येते. त्या झोपेत काय होतं, हे बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. मेडिकलवर तर नाहीच.

पहिला धक्का धंद्यातूनच बसला. छातीत धडधडणं, हात थरथरणं, अर्धशिशी अशा तक्रारींवर प्रोप्रानोलॉल नावाची जुनी, स्वस्त गोळी देतात. ती चरबीत विरघळते, त्यामुळे मेंदूपर्यंत सहज पोचते, आणि काही जणांना तिच्यामुळे रात्री लख्ख, भीतिदायक स्वप्नं पडतात. दिवसाची घबराट घालवायला दिलेली गोळी रात्री मागच्या दाराने घबराट आणते! दम्याच्या, ॲलर्जीच्या मुलांना मॉन्टेलुकास्ट सर्रास दिलं जातं. त्याच्या माहितीपत्रकावर मनःस्थितीतल्या बदलांविषयी सर्वांत कडक चौकटीतला इशारा छापायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये सांगितलं, आणि या औषधाच्या त्रासांच्या यादीत दुःस्वप्नंही आहेत. नैराश्यावरच्या कित्येक गोळ्या स्वप्नं पडणारी झोप दाबून धरतात. त्या एकदम सोडल्या की ती झोप उसळून येते. दारूचं तसंच. रोज घेणारा माणूस नवरात्रात सोडतो, दोन-चार रात्रींत ओरडत उठायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं देवी कोपली.

हे सगळं कळल्यावर माझं मत बदलायला हवं होतं, पण ते उलट घट्ट झालं. पित्ताच्या जागी रसायन आलं, एवढाच फरक. स्वप्न म्हणजे रसायनांचा खेळ, त्यात ऐकण्यासारखं काही नाही, असं मी आता शास्त्राच्या आधाराने सांगू लागलो. गोळीचं रसायन स्वप्नात उतरतं तर आजाराचंही उतरत असणार, ही पुढची पायरी मला दिसली नाही. ती दिसली झोपेवरचं थोडं वाचल्यावर.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं, की रात्रीतून ठरावीक वेळांनी झोपलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांखाली भराभर हलतात, आणि तेव्हा उठवलं तर बहुतेक जण स्वप्न सांगतात. या झोपेला आपण स्वप्नझोप म्हणू. डोळा लागल्यावर साधारण नव्वद मिनिटांनी ती पहिल्यांदा येते, थोडा वेळ टिकते, आणि रात्र सरत जाईल तसतशी तिची पाळी लांबत जाते. सर्वांत लांब पाळी पहाटेची. पहाटेचं स्वप्न खरं होतं हा समज कुठून आला असेल त्याचा मला तिथे उलगडा झाला. पहाटे स्वप्नं जास्त पडतात, जागही तेव्हाच येते, म्हणून आठवतात ती पहाटेचीच. आणि जे आठवतं तेच खरं ठरायला उरतं. नैराश्यात हे वेळापत्रक बिघडलेलं आढळतं. पुष्कळ रुग्णांत स्वप्नझोप नव्वद मिनिटं थांबत नाही, लवकर येऊन धडकते. डेव्हिड कप्फर या मनोविकारतज्ज्ञांनी १९७६ मध्ये याकडे लक्ष वेधलं. ही काही आजार ओळखायची चाचणी नाही, सगळ्यांत हे सापडतही नाही. पण मनाचा आजार झोपेच्या या भागात हात घालतो एवढं नक्की. वर त्या आजाराची दुसरी खूण अशी, की माणूस तीन-चार वाजता टक्क जागा होतो. म्हणजे स्वप्नाच्या ऐन भरात.

तरीही हे सगळं वाचन होतं. वाचनाने मत हलतं, बदलत नाही. बदललं ते एका लूमवाल्या चचांमुळे.

२०२० च्या टाळेबंदीत बुऱ्हाणपूरचे लूम बंद पडले. ज्यांनी हे गाव पाहिलं नाही त्यांना याचा अर्थ कळणार नाही. बाहेरून येणारे मुमताजची कबर आधी कुठे होती ते विचारतात आणि मावा जिलबी खाऊन जातात; गावात राहणाऱ्याला मात्र हे गाव ऐकू येतं. गल्ल्यागल्ल्यांतली ती खटखट थांबली आणि चचांची झोप गेली. उसन्यावर घेतलेलं सूत अंगावर, मजुरी बंद, घरात माणसं सतरा. "घबराहट होती है, सेठ" ही त्यांची तक्रार. उदास हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, डिप्रेशन तर नाहीच. आमच्याकडे घबराहट, बेचैनी, टेन्शन, जीव खालीवर होणं यांतच सगळं येतं. मी नेहमीप्रमाणे पित्ताची गोळी दिली. मग रक्तदाब वाढलेला निघाला, मग मुलाने त्यांना जळगावला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं, औषधं सुरू झाली, आणि दिवस खरोखर सुधारला. जेवू लागले, मशिदीत जाऊ लागले.

पण रात्रीचं स्वप्न हटेना. ते तेव्हा कुठे मी पहिल्यांदा नीट ऐकलं. सगळे लूम एकदम चालू आहेत, कापड मात्र एकावरही येत नाही. प्रत्येकावर धागा तुटतोय. चचा बटण बंद करायला धावतात तर बटण जागेवर नसतं, आणि तेवढ्यात मुलाचा हात मशीनमध्ये जातो. रोज हेच, थोड्याफार फरकाने. झोपलं की हे दिसणार म्हणून ते झोपायचंच टाळू लागले. लूम सुरू झाल्यावरही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चहाच्या हॉटेलपाशी बसून राहायचे. मी म्हटलं, चचा, झोपेला घाबरता काय? ते म्हणाले, "नींद से नहीं डरता, नींद में जो होता है उससे डरता हूँ."

माझं त्या वेळचं म्हणणं असं होतं, की आग विझली की धूर आपोआप जातो. घबराट हा आजार, स्वप्न हा त्याचा धूर. गोळ्या चालू ठेवा. खूप डॉक्टरही बरीच वर्षं असंच मानत. पण चचांकडे पाहून दिसत होतं, की हा धूरच आता आग धरून ठेवतोय. वाईट स्वप्नाने झोप मोडते, मोडलेली झोप पुन्हा घ्यायची भीती वाटते, झोप कमी पडते, अपुऱ्या झोपेने दुसरा दिवस चिडचिडा आणि घाबरा जातो, आणि त्या दिवसाच्या पोटातून रात्रीचं स्वप्न. हे चक्र कुठूनही सुरू होऊ शकतं, तसंच ते कुठूनही तोडताही यायला हवं. दुःस्वप्न विकार म्हणून वेगळी नोंदच मनोविकारांच्या आजच्या वर्गीकरणात आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यांच्या डॉक्टरांनी जो उपाय सांगितला तो ऐकून मी मनातल्या मनात हसलो होतो. स्वप्न दिवसा जागेपणी आठवायचं, आपल्याला हवं तसं बदलायचं, लिहून काढायचं, आणि बदललेलं स्वप्न रोज थोडा वेळ डोळे मिटून मनात घोळवायचं. बस्स. आईच्या तापीला सांगण्यात आणि यात फरक काय, असं मला वाटलं. फरक निघाला तो तपासणीचा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये बॅरी क्राको आणि सहकाऱ्यांनी हा उपाय लैंगिक अत्याचार सोसलेल्या, त्या आघातातून न सावरलेल्या १६८ बायकांच्या अभ्यासात पारखला आणि २००१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला. ज्यांना हे शिकवलं त्यांची दुःस्वप्नं, ज्यांना अजून शिकवायचं होतं त्यांच्या तुलनेत, स्पष्टपणे कमी झाली. झोप सुधारली, आणि आघाताची दिवसाची लक्षणंही उतरली. माझं मत फिरवलं ते या शेवटच्या गोष्टीने. इलाज रात्रीवर केला आणि दिवस सुधारला. मी आयुष्यभर फक्त उलटा रस्ता धरून बसलो होतो.

चचांना लिहिता येत नाही. मुलाने उर्दूत लिहून घेतलं. स्वप्न काय बदलायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं, आणि ते फक्त बुऱ्हाणपुरातल्या माणसाला सुचेल असं होतं: मुलाचा हात मशीनकडे जातो आणि लाइट जाते. सगळे लूम एकदम थंड. मग ते मुलाला घेऊन बाहेर येतात. वीज मंडळाला आयुष्यभर शिव्या देणाऱ्या माणसाने सुटकेसाठी तिलाच बोलावलं. रोज दुपारच्या नमाजानंतर ते हे मनात घोळवायचे. स्वप्न नाहीसं झालं नाही, पण त्याचं येणं विरळ झालं. एकदा दुकानात येऊन म्हणाले, "कल भी आया था सेठ, मगर लाइट चली गई." त्या दिवशी त्यांनी पित्ताची गोळी मागितली, खरोखरच्या पित्तासाठी.

परत परत येणारं तेच स्वप्न ही गोष्ट आमच्या भागात तर ओळखीची असायला हवी होती. इथून इंदूरच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर असीरगड आहे. गडावर अश्वत्थामा फिरतो, पहाटे महादेवाला फूल वाहून जातो, कपाळाच्या जखमेला लावायला तेल-हळद मागतो, आणि ज्याला तो दिसतो त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही, असं सांगतात. आता ही कथा ऐकताना मला उलटा क्रम दिसतो. आधी डोकं ठिकाणावरून हललेलं असेल, रात्र-रात्र झोप नसेल, आणि मग अर्धवट जागेपणी कोणीतरी दिसलं असेल. स्वप्नझोपेत हातापायांचे स्नायू सैल सुटलेले असतात. ती अवस्था पुरती सरायच्या आत जाग आली तर हलता येत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं, खोलीत माणूस दिसतो. आमच्याकडे याला दबाव म्हणतात आणि तावीज बांधतात. अपुऱ्या झोपेत आणि चिंतेत हे जास्त होतं.

महाभारतातल्या सौप्तिक पर्वात याहून मोलाची नोंद आहे, आणि अश्वत्थाम्याच्या गावाशेजारी राहून ती मी फार उशिरा वाचली. अश्वत्थामा झोपलेल्या छावणीत शिरून कत्तल करतो तेव्हा कवी सांगतो, की मरणाऱ्या योद्ध्यांना हातात पाश घेतलेली काळरात्र दिसली. आणि ती त्यांना नवी नव्हती. युद्ध सुरू झाल्यापासून आधीच्या रात्रींतही ते तिला आणि मारत सुटलेल्या अश्वत्थाम्याला स्वप्नात पाहत आले होते. आई याला पूर्वसूचना म्हणाली असती. मी आधी कवीकल्पना म्हटलं असतं. आता मला त्यात रणांगणाची झोप दिसते. दिवसभर माणसं कापायची, रात्री तंबूत पडायचं, आणि रोज तेच स्वप्न. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या बाबतीत हेच पाहून १९८० मध्ये आघातानंतरच्या मनोविकाराला नाव मिळालं, आणि घटनेची वारंवार पडणारी स्वप्नं त्याच्या लक्षणांत धरली गेली. व्यासांच्या छावणीत ती आधीच होती.

आतापर्यंतचं सगळं भीतीविषयी झालं. नैराश्याची स्वप्नं वेगळी असतात, आणि ती मी माझ्याच घरात पाहिली.

माझा मोठा भाऊ २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेला. वहिनी त्यानंतर रडली नाही. कामं करायची, पण जेवणाची चव गेलेली, पहाटे तीनला उठून ओट्यावर बसलेली. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं. स्वप्नं पडतात का, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, पडत नाहीत. पडलीच तर मी स्वयंपाकघरात उभी असते, काही होत नाही. मला ते बरं वाटलं होतं. वाईट स्वप्नं नाहीत, म्हणजे एक कटकट कमी. नैराश्यात स्वप्नं आखूड, निर्जीव होतात, पुष्कळदा आठवतच नाहीत, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी निर्धास्त झालो नसतो.

स्वप्नांचा आणि नैराश्याच्या उपचारांचा संबंध तर असा आहे, की आमच्या अख्ख्या औषधविक्रेता संघटनेत तो कोणाला ठाऊक नसेल. फिलाडेल्फियात ॲरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ १९५० च्या दशकाच्या शेवटी नैराश्यग्रस्तांची स्वप्नं गोळा करत होते. शिक्षण फ्रॉइडच्या पठडीतलं. आत वळलेला राग म्हणजे नैराश्य, तेव्हा स्वप्नांत राग सापडेल, ही अपेक्षा. सापडलं भलतंच. त्या स्वप्नांत स्वप्न पाहणारा हरलेला, नाकारलेला, हवं ते हातातून निसटलेला असायचा. जागेपणी हे लोक स्वतःविषयी जे बोलत तेच. बेक यांनी फ्रॉइडचा सिद्धांत बाजूला ठेवला, आणि माणूस स्वतःविषयी काय समजून बसलाय तिथूनच उपचाराला हात घालायचा, अशी पद्धत उभी केली. आज जगभर नैराश्यावर जे विचारांना धरून समुपदेशन केलं जातं त्याची सुरुवात या स्वप्नांच्या वहीत आहे. ज्या वस्तूला मी टाकाऊ म्हणत होतो तिच्यातून हे निघालं.

वहिनीकडे येतो. काही महिन्यांनी दादा तिच्या स्वप्नात आला. आला तो भांडत. माझी स्कूटर कोणाला विचारून विकली? तिनेही ऐकून घेतलं नाही, तू न सांगता गेलास त्याचं काय, असं विचारलं, आणि हुंदके देत जागी झाली. मग घरात एकच गोंधळ. आई म्हणाली, त्याचा जीव स्कूटरमध्ये अडकलाय, पान वाढा. एका नातेवाइकांनी बैतूल जिल्ह्यातल्या मलाजपूरला न्यायचं सुचवलं; तिथे पौष पौर्णिमेपासून भूतबाधा उतरवायची जत्रा भरते. मी दोघांनाही गप्प केलं आणि स्वतः डॉक्टरांना फोन लावला: गोळी वाढवा, स्वप्नं बंद व्हायला पाहिजेत. त्यांनी गोळीविषयी काहीच न बोलता विचारलं, भांडणात वहिनी काय म्हणाल्या? मी सांगितलं. ते म्हणाले, छान. डोस तोच ठेवू.

मला तेव्हा ते विचित्र वाटलं. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांचं काम मी नंतर वाचलं. घटस्फोटाच्या वेळी नैराश्यात गेलेल्या माणसांना त्यांनी झोपेच्या प्रयोगशाळेत रात्री उठवून उठवून स्वप्नं विचारली. जे सोडून गेलेल्या जोडीदाराला स्वप्नात पाहत होते, आणि तेही रागालोभासकट, जुन्या आठवणी गुंफून, ते वर्षभराने बरे झालेले आढळण्याची शक्यता जास्त होती. ज्यांची स्वप्नं कोरडी राहिली ते मागे पडले. अभ्यासातली माणसं थोडी होती, आणि घटस्फोट म्हणजे मरण नव्हे, हे मान्य. स्वप्नात रडू आलं म्हणजे आजार उतरला असा नियम मी कोणाला सांगणार नाही. पण आई, मी आणि मलाजपूरचा मांत्रिक, तिघांनाही ते स्वप्न बंद करायचं होतं. आणि वहिनीला बहुधा तेच भांडण हवं होतं. ती आता बरी आहे. दादा अजून अधूनमधून येतो म्हणते. स्कूटरचा विषय निघत नाही.

शास्त्र पश्चिमेचं आणि श्रद्धा आपली, अशी वाटणी करून मी मोकळा झालो होतो, तीही टिकली नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, भविष्य सुचवणारं आणि दोषांतून उपजणारं. पहिली पाच निष्फळ, वैद्याने त्यांना महत्त्व देऊ नये, असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे आईच्या बहुतेक स्वप्नांचा निकाल चरकाने आधीच लावला होता. सहावा प्रकार मला आजही मान्य नाही. सातव्यात माझं पित्त येतं, त्यामुळे मी अगदीच खोटा नव्हतो. मुख्य म्हणजे हा वैद्य रोग्याला स्वप्नं विचारत होता.

आता काउंटरवर काय बदललं ते सांगतो. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या गोळ्या २०१४ पासून एच-१ च्या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, वेगळ्या रजिस्टरात नोंद लागते, ती तीन वर्षं जपावी लागते. तरी रोज कोणी ना कोणी मागायला येतं. पूर्वी मी नुसतं नाही म्हणायचो. आता विचारतो, झोप लागत नाही की झोपायची भीती वाटते? हे दोन वेगळे आजार आहेत, आणि दुसऱ्याला झोपेची गोळी पुरत नाही; ती सवयीची होते, एकदम सोडली की दुःस्वप्नं आणि घबराट दुप्पट जोराने येतात. स्वप्नं रक्तदाबाची किंवा दम्याची नवी गोळी सुरू झाल्यावर लागली का, तेही विचारतो, आणि तसं असेल तर स्वतः गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा म्हणतो. लोक आधी दचकतात. मग इतकं बोलतात की मागे रांग लागते. मुलगा म्हणतो, बाबा, दुकान चालवताय की ख्वाबनामा?

त्याला मी फिनलंडचा अभ्यास वाचून दाखवला. १९७२ पासूनच्या आरोग्य पाहण्यांतल्या ३६,२११ लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वारंवार दुःस्वप्नं पडतात असं सांगणाऱ्यांत आत्महत्येचं प्रमाण ती न पडणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास निघालं. स्वप्न माणसाला मारतं असा याचा अर्थ नाही. पण ते धोक्याची खूण असू शकतं, आणि ती खूण विचारल्याशिवाय दिसत नाही. आपल्याकडच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे पंचाऐंशी जणांना उपचारच मिळत नसल्याचं आढळलं. त्या पाहणीत मध्य प्रदेशही होता. यातले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या मेडिकलवर पित्ताची गोळी घेत असणार.

तेव्हा घरात कोणी रात्री ओरडत उठत असेल, तर सकाळी विचारा काय दिसलं, आणि ऐकून घ्या. अर्थ सांगू नका. लहान मूल झोपल्यावर पहिल्या काही तासांत किंचाळून उठतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तर ते दुःस्वप्न नसतं, बहुतेकदा वयाबरोबर जातं. म्हातारा माणूस स्वप्नात लाथा-बुक्क्या मारू लागला, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मोठ्या माणसाला आठवड्यातून अनेकदा वाईट स्वप्नं पडत असतील, झोपायची भीती वाटत असेल, दोनेक आठवडे मन उतरलेलं असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं तो बोलून जात असेल, तर वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात मनकक्ष आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीतही बोलता येतं.